तारुण्यपीटिका : एक प्रॅक्टिकल

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाची माझी नेहमी पंचाईत होते आणि 'तारुण्यपीटिका' हा शब्द मला परवापर्यंत माहीत नव्हता. आमच्या संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीने तो मला दिला. आम्ही आपलं पिंपल्सच म्हणायचो. आजी 'मुरूम' म्हणते. सिव्हिलवाल्यांना मुरूम म्हटला की वेगळंच आठवतं, रस्त्यावर टाकतात तो! माझ्या चेहऱ्याची अवस्था एके काळी त्या रस्त्यासारखीच होती, म्हणून मग शीर्षकात तरी जरा शोभिवंत शब्द घेतला.

हा लेख लिहायचं खरं कारण म्हणजे आमच्या मजल्यावरची एक ज्युनियर. पहिलं सेमिस्टर चालू असताना ती मेसमध्ये यायचीच बंद झाली. डबा रूमवर मागवायची आणि लेक्चरला ओढणी तोंडावर घेऊन बसायची. आधी वाटलं, घरची आठवण येत असेल. एका रात्री पाणी भरताना दिव्याखाली तिचा चेहरा दिसला आणि मला माझंच सेकंड इयर आठवलं. तिने त्या आठवड्यात चेहऱ्याला काय काय लावलं होतं माहितीये? टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा, कोलगेटनंतर पुन्हा बर्फ आणि कुणाची तरी एक ट्यूब. यातलं जवळजवळ सगळं मी तिच्या आधी करून बसले होते. तेव्हा माझ्या चुका तुमच्या कामी याव्यात, एवढाच उद्देश. मी डॉक्टर नाही. जे लिहिलंय ते मला तपासणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी समजावलेलं, नंतर लायब्ररीत बसून वाचलेलं आणि स्वतःच्या तोंडावर करून पाहिलेलं आहे.

आधी थिअरी. आपल्या त्वचेत केसाच्या मुळाशी छोट्या तैलग्रंथी असतात. त्यातून सीबम नावाचा तेलकट पदार्थ येतो आणि केसाच्या नळीतून वर त्वचेवर पसरतो. वयात येताना अँड्रोजन हार्मोन्स वाढतात (मुलींमध्येही असतात बरं का) आणि ग्रंथी जास्त तेल सोडायला लागतात. त्याच वेळी नळीच्या आतल्या भिंतीच्या मेलेल्या पेशी नीट सुटून बाहेर पडत नाहीत, तेलात चिकटून बसतात. म्हणजे आपल्या भाषेत ड्रेनेज लाईन चोकअप! आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू वाढतात. हे जंतू सगळ्यांच्याच त्वचेवर असतात, ते काही घाणीतून आलेले नसतात. २०१६ पर्यंत त्यांचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम होतं, जुन्या पुस्तकात तेच सापडेल. मग शरीर त्यांच्याविरुद्ध फौज पाठवतं आणि आपल्याला दिसतो तो लाल, दुखरा, पू भरलेला फोड.

चोकअपचं तोंड बंद असेल तर व्हाईटहेड आणि उघडं असेल तर ब्लॅकहेड. ब्लॅकहेडचा काळा रंग म्हणजे मळ नाही. उघड्या तोंडाशी हवा लागून आतला माल आणि त्यातलं मेलॅनिन काळं पडतं. हे कळल्यावर मला स्वतःची कीव आली. मी तो 'मळ' काढायला मसूरडाळीच्या जाडसर पिठाने रोज सकाळी गाल खसाखसा घासत होते. मॅनहोल तुंबलं म्हणून कुणी वरचा रस्ता घासतं का? घासण्याने चोकअप निघत नाही. उलट वरची त्वचा सोलवटते आणि सूज वाढते.

आता दुसरी थिअरी, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. आज दिसणारा पिंपल आज झालेला नसतो. नळी तुंबायला सुरुवात कित्येक आठवड्यांपूर्वी झालेली असते. आपण मात्र रात्री काहीतरी लावतो, सकाळी आरशात बघतो, फरक नाही म्हणून दुसरं लावतो. काँक्रीटचा क्यूब आज भरला आणि उद्या मशीनखाली ठेवला तर काय स्ट्रेंग्थ मिळणार? आपण २८ दिवस थांबतो ना? त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. त्यामुळे कुठल्याही उपायाला कमीत कमी सहा ते आठ आठवडे, आणि खरं तर बारा आठवडे द्यायला हवेत. मॅडमनी मला पहिल्या भेटीत विचारलं, "आत्तापर्यंत काय काय लावलंस?" मी अकरा गोष्टी मोजल्या. त्या म्हणाल्या, "आणि किती दिवसांत?" मी म्हटलं, तीन आठवडे. त्या हसल्या नाहीत, पण लिहिता लिहिता थांबल्या.

त्या अकरातल्या मुख्य मुख्य सांगते.

लिंबू. आमच्या सेकंड इयरला सर्व्हेइंगची प्रॅक्टिकल्स मैदानावर, सकाळी दहा ते एक. त्या दिवशी सकाळी मी लिंबाची फोड मधात बुडवून कपाळावर आणि गालावर फिरवली, वरवर पाणी मारलं आणि थिओडोलाईट उचलून उन्हात गेले. दुसऱ्या दिवशी कपाळ चुरचुरायला लागलं, तिसऱ्या दिवशी लाल पट्टे आणि मग जिथे जिथे रसाचा ओघळ गेला होता तिथे तिथे तपकिरी डाग. गालावर अक्षरशः कंटूर लाईन्स! ते जायला चार महिने लागले. पिंपल्स आठवड्यात गेले असते. झालं होतं असं की लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात आणि त्यांच्यावर ऊन पडलं की त्वचा भाजते. आपल्याकडचं कागदी लिंबू तर या बाबतीत फारच तिखट. शिवाय पीएचचा हिशोब करा. त्वचेचा पीएच साधारण ५, लिंबाचा रस साधारण २. तीनचा फरक दिसायला छोटा, पण स्केल लॉगची आहे, म्हणजे आम्लता हजारपट! हे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला कळू नये, याची मला आजही लाज वाटते.

खाण्याचा सोडा याच्या उलट दिशेला, पीएच आठच्या वर. त्वचेवर आम्लाचं एक पातळ संरक्षण असतं, ते सोडा घालवतो. आधी लिंबू आणि मग 'न्यूट्रल करायला' सोडा लावणारेही बॉईज हॉस्टेलमध्ये आहेत असं ऐकते. त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

टूथपेस्ट. पुदिन्याने गार वाटतं, वाळते, म्हणून काम करतेय असं वाटतं. ती दातांच्या एनॅमलसाठी बनवलेली आहे. तिच्यातला फेस आणणारा पदार्थ आणि मेंथॉल गालाला झोंबतात. माझ्या हनुवटीवर एका पिंपलच्या जागी रुपयाएवढा भाजल्याचा डाग आला होता, तोही ओरलच्या आदल्या रात्री. एक्स्टर्नल सरांनी पहिला प्रश्न बीमचा न विचारता "पडलात का?" असा विचारला.

हळद आणि चंदन. आजीचा उपाय, त्यामुळे जपून लिहिते. फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, "अगं, आम्ही उटणं लावायचो दिवाळीला, तेही एकदा. तू रोज लावतेस?" म्हणजे आजीची रेसिपी बरोबर होती, माझा डोस चुकला होता. हळदीत सूज कमी करणारे गुण आहेत हे खरं, पण चेहऱ्यावर पेस्ट थापून मुरूम जातात असा भक्कम पुरावा नाही. काहींना हळदीची अ‍ॅलर्जीही येते, खाज सुटते. आवडत असेल तर सणासुदीला लावा, पण चोळू नका.

मुलतानी माती. ही वरचं तेल शोषते, त्यामुळे तेलकट त्वचेला तासभर छान वाटतं. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, ओली असतानाच धुवायची. मी ती पंख्याखाली भेगा पडेपर्यंत ठेवायचे आणि वर हसायचं नाही असा नियम होता! त्याने गाल कोरडे ठणठणीत. खोल तुंबलेल्या नळीपर्यंत माती पोचत नाही हे लक्षात ठेवा.

कोरफड मात्र मला खरोखर आवडली. हॉस्टेलच्या मागे कुंडीत आहे. पान कापलं की आधी पिवळा चीक येतो, तो झोंबतो. पान उभं धरून तो सगळा निथळू द्यायचा, धुवायचं आणि आतला पारदर्शक गरच घ्यायचा. कानामागे एक दिवस लावून बघायचा. याने मुरूम मुळापासून जात नाहीत, पण लालसर, चुरचुरणाऱ्या त्वचेला आराम पडतो. तसाच बर्फ. स्वच्छ रुमालात गुंडाळून दुखऱ्या फोडावर मिनिटभर. सूज बसते. थेट त्वचेवर घासायचा नाही.

टी ट्री ऑईलबद्दल मुली विचारतात. ऑस्ट्रेलियात १९९० साली १२४ रुग्णांवर त्याची तुलना झाली होती, ५ टक्के टी ट्री ऑईल विरुद्ध ५ टक्के बेंझॉईल पेरॉक्साईड. दोन्हीने फरक पडला. तेलाचा गुण हळू आला, पण त्रास कमी झाला. इथे '५ टक्के' हा आकडा महत्त्वाचा. बाटलीतलं शुद्ध तेल तसंच लावलं की भाजतं.

आता त्या ट्यूबबद्दल. हे जरा गंभीर आहे, म्हणून इथे थांबते.

अकरावा उपाय मी एका मेडिकलमधून आणला होता. चिठ्ठी नाही, काही नाही. काउंटरवरच्या माणसाने चेहऱ्याकडे बघून ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा असा साफ की मजल्यावरच्या चार मुलींनी तीच ट्यूब आणली. रंगही उजळल्यासारखा वाटला. तीन आठवड्यांनी ट्यूब संपली आणि पाच-सहा दिवसांत गाल लाल, जळजळ, उन्हात जाववेना आणि बारीक बारीक एकसारख्या पुटकुळ्या, आधीपेक्षा दुप्पट. पुन्हा ट्यूब लावली की बरं. म्हणजे चक्क व्यसन. मॅडमनी खोका बघितला आणि बोट ठेवलं, क्लोबेटासोल. हे फार तीव्र स्टेरॉईड. ते सूज दाबतं म्हणून सुरुवातीला जादू वाटते. पण चेहऱ्याची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि मुरूम नव्याने उठतात. आपल्या देशात हे इतकं पसरलंय की डॉक्टरांनी त्याला वेगळं नावच दिलंय, स्टेरॉईडने बिघडलेला चेहरा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉईड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही मला मिळाली.

म्हणून कुठलीही ट्यूब उघडण्याआधी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं आणि डॉक्टरांनी दिलेलं नसेल तर चेहऱ्याला लावू नका. 'गोरं करणाऱ्या' क्रीममध्येही हे सापडतं. आणि आधीच महिनोन्महिने लावत असाल तर घाबरून एकदम बंद करून रूममध्ये बसू नका, डॉक्टरांकडे जा. ते उतरवायची पद्धत असते. मला त्यातून बाहेर यायला पूर्ण सेमिस्टर गेलं. त्या सेमिस्टरला गॅदरिंगमध्ये माझं नाव एकांकिकेत होतं. ते मी काढून घेतलं आणि 'अभ्यास आहे' म्हणून सांगितलं. अभ्यास नव्हता.

मग शेवटी काय केलं? सांगायला अगदी थोडं आहे, आणि तीच गंमत आहे.

दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर सौम्य फेसवॉश, फक्त बोटांनी, साध्या पाण्याने. अंगाचा साबण नाही. इथे आपल्या बोअरच्या पाण्याचा मुद्दा येतो. एफ.ई.च्या केमिस्ट्रीत आपण ईडीटीए टायट्रेशन करून पाण्याचा हार्डनेस काढला होता, आठवतंय? त्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा साका तयार होतो, जो बादलीच्या कडेला पांढरा दिसतो. तोच चेहऱ्यावर बसतो आणि त्वचा ओढल्यासारखी होते. शिवाय साबणाचा पीएच ९ ते १०. सौम्य फेसवॉशचा साका होत नाही. नंतर हलकं मॉईश्चरायझर, ज्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं असतं. तेलकट चेहऱ्याला मॉईश्चरायझर कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण औषधाने त्वचा कोरडी पडते, आणि कोरडी त्वचा चुरचुरली की आपण औषधच सोडून देतो. बाहेर जाताना सनस्क्रीन, सर्व्हेइंगवाल्यांनी तर नक्कीच. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरूम गेल्यावर काळे डाग राहतात, ते उन्हाने गडद होतात आणि महिनोन्महिने जात नाहीत. फोडल्याने तर ते हमखास होतात. म्हणून नखं कापा, आणि रात्री दोन वाजता आरशासमोर उभं राहू नका.

औषध म्हणून मला बेंझॉईल पेरॉक्साईड दिलं, २.५ टक्क्यांचं. मी म्हटलं, १० टक्क्यांचं द्या ना. तर गुण जवळपास सारखाच आणि जळजळ मात्र जास्त, असं उत्तर आलं. ते जंतू मारतं आणि जंतू त्याला सरावत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. नुसती अँटिबायोटिक जेल एकटी दीर्घकाळ लावली की जंतू निर्ढावतात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, पातळ थर, फोडावर टिंब म्हणून नाही तर जिथे येतात त्या सगळ्या भागावर. ब्लॅकहेड-व्हाईटहेड जास्त असणाऱ्यांना सॅलिसिलिक आम्ल असलेला फेसवॉश किंवा डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅडापेलीन उपयोगी पडतं. एका वेळी एकच नवी गोष्ट. दोन व्हेरिएबल एकदम बदलले की रीडिंगचा अर्थ लागत नाही, हे लॅबमध्ये आपल्याला ओरडून ओरडून शिकवतात आणि चेहऱ्यावर आपण अकरा बदलतो.

हॉस्टेलपुरत्या दोन-चार गोष्टी. रात्री डोक्याला खोबरेल तेल थापून झोपणाऱ्यांच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या येतात. तेल लावा, पण धुवून झोपा. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. दोन अभ्रे असले की जमतं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासून तिथेच मुरूम येत असतील तर पट्टा आणि आतला स्पंज धुवा. जिमला जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पाठीवर मुरूम वाढले का, ते पाहावं. तसे अनुभव डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत.

मेसच्या मावशी मला रोज म्हणायच्या, "पोट साफ होत नाही वाटतं पोरीचं." पोटाचा यात संबंध नाही. तेलकट वड्यालाही फार दोष देता येत नाही. चॉकलेटबद्दल १९६९ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला आणि चॉकलेटने काही होत नाही असं ठरलं, पण त्यात तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे कंट्रोलच चुकलेला! पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुण मुलांवर बारा आठवडे प्रयोग झाला. ज्यांच्या जेवणातून रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केले, त्यांचे मुरूम जास्त कमी झाले. आपल्या हिशोबाने, चहा-बिस्किटं-पाव-कोल्ड्रिंक यावर दिवस काढण्यापेक्षा मेसची उसळ आणि डाळ परवडली. (उसळीच्या चवीबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.)

आणि परीक्षेत पिंपल्स वाढतात हा तुमचा भ्रम नाही. स्टॅनफर्डमध्ये २००३ साली २२ विद्यार्थ्यांचे चेहरे परीक्षेच्या आधी आणि परीक्षेच्या काळात तपासले. ज्यांचा ताण जास्त वाढला, त्यांचे मुरूमही जास्त वाढले. सबमिशनच्या आठवड्यात नवा उपाय सुरू करू नका, एवढं तरी करता येईल.

घरच्या घरी कुठपर्यंत, हेही सांगते. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, किंवा बारा आठवडे नीट करूनही फरक नसेल तर सरळ डॉक्टर. आणि सिनियरकडून आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या उसन्या घेऊ नका. औषध चांगलं आहे, पण रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं आहे. गरोदरपणात तर त्याने बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं.

स्टाफमधल्या सर-मॅडमना आणि आपल्या सगळ्यांनाच एक विनंती. समोरच्याच्या चेहऱ्यावर काय आलंय हे त्याने दिवसात वीस वेळा आरशात पाहिलेलं असतं. पुन्हा सांगायची गरज नसते.

आमची ज्युनियर आता नवव्या आठवड्यात आहे. तिने वहीत तक्ता केलाय, तारीख आणि नवे किती, एवढे दोनच कॉलम. पहिल्या आठवड्यात चौदा, मग सोळा, तेव्हा ती रडकुंडीला आली होती, आणि गेल्या आठवड्यात पाच. परवा मेसमध्ये आली आणि माझ्यासमोर बसून उसळीला नावं ठेवत जेवली.

जाता जाता, बेंझॉईल पेरॉक्साईड लावणाऱ्यांनी टॉवेल आणि अभ्रा पांढराच वापरावा. ते रंग उडवतं. माझ्या रूम पार्टनरचा नवा मरून टॉवेल मी चुकून वापरला होता. त्यावर आता माझ्या चेहऱ्याचा नकाशा आहे आणि ती तो अजून दोरीवर सगळ्यांना दिसेल असा वाळत घालते.